कॅबिनेटमध्ये आणखी एक फॅन: कधी कामाचा, कधी नुसता आवाजाचा

फॅन हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. छताच्या पंख्याखाली आपल्याला गार वाटतं ते अंगावरचा घाम वाळतो म्हणून, आणि कॉम्प्युटरला घाम येत नाही. त्यामुळे कॉम्प्युटरच्या पेटीला, म्हणजे कॅबिनेटला, पाच फॅन लावले काय नि दहा लावले काय, आतली हवा खोलीतल्या हवेपेक्षा गार होणार नाही. मे महिन्यात मुंबईतल्या बंद खोलीत दुपारी ३३-३४ अंश असतील, तर कॅबिनेटमधलं तापमान तिथूनच वर चढायला लागतं.

जादा फॅनचं काम एवढंच, की आत तापलेली हवा लवकर बाहेर काढायची आणि तिच्या जागी खोलीतली ताजी हवा येऊ द्यायची. हे काम आधीच नीट चालू असेल तर नव्या फॅनला करायला काही उरत नाही. चालू नसेल, तर चार-पाचशे रुपयांचा एक फॅन दहा अंशांचाही फरक पाडू शकतो. आपला कॉम्प्युटर यातल्या कुठल्या बाजूला आहे हे घरबसल्या कळतं, आणि लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजाराची वाट धरण्याआधी ते बघून घ्यावंच.

८३ अंश कुठून आले?

समजा, गेम खेळताना किंवा व्हिडिओ रेंडर करताना तुमच्या प्रोसेसरचं तापमान ८३ अंश दिसतंय. हा आकडा म्हणजे तीन तुकड्यांची बेरीज आहे. पहिला तुकडा खोलीचा, ३३ अंश. दुसरा तुकडा म्हणजे खोलीतली हवा कॅबिनेटमध्ये शिरल्यावर आणखी किती तापली, समजा १०. तिसरा तुकडा म्हणजे कॅबिनेटमधल्या त्या तापलेल्या हवेपेक्षा प्रोसेसर स्वतः किती वर आहे, समजा ४०. तेहतीस, दहा आणि चाळीस मिळून त्र्याऐंशी.

या प्रत्येक तुकड्याचा इलाज वेगळा आहे, आणि सगळा घोळ होतो तो एकाचा इलाज दुसऱ्याला लावल्यामुळे. पहिल्या तुकड्यावर एसी काम करतो. खोली २५ अंशांवर आणली तर वरचा आकडा जवळजवळ तेवढाच, म्हणजे आठेक अंशांनी खाली येतो. तिसऱ्या तुकड्यावर प्रोसेसरवरचा कूलर, त्याचा उष्णता शोषणारा पात्यांचा धातू, म्हणजे हीटसिंक, आणि प्रोसेसर नि हीटसिंक यांच्यामध्ये लावलेली, उष्णता पोचवणारी थर्मल पेस्ट यांची सत्ता चालते. कॅबिनेटचा फॅन काम करतो तो फक्त मधल्या तुकड्यावर. मधला तुकडा १० अंशांचा असेल तर जगातला सर्वांत महागडा फॅनही १० अंशांपेक्षा जास्त कमी करू शकणार नाही.

आणि ८३ हा आकडा घाबरण्यासारखा आहे का? नाही. आजच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोचल्यावर ते जळत नाहीत, आपला वेग आपणच कमी करतात. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर तर जोराच्या कामात मुद्दामच ९५ पर्यंत चढतात, तशीच त्यांची रचना आहे. अशा प्रोसेसरला जादा फॅन लावला तर तापमान तेच राहील, फक्त वेग किंचित वाढेल. आकडा हलला नाही म्हणून फॅन फुकट गेला असं मग वाटतं.

झाकण काढून बघा

आता मधला तुकडा मोजायचा. एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेंपसारखं एखादं फुकटचं सॉफ्टवेअर टाका. ग्राफिक्स कार्डचं तापमानही दिसणारं असेल तर उत्तम. नेहमीचं जड काम लावा आणि वीस-पंचवीस मिनिटं चालू द्या. हीटसिंकचा धातू आणि कॅबिनेटचा पत्रा हळूहळू तापतात, त्यामुळे पाच मिनिटांतला आकडा फसवा असतो. आकडा स्थिरावला की लिहून ठेवा. मग कॉम्प्युटर बंद करून कॅबिनेटचं डावीकडचं झाकण काढा, म्हणजे मागचे दोन स्क्रू काढून सरकतं ते किंवा काचेचं असतं ते. त्याच खोलीत, त्याच पंख्याच्या वेगात, तेच काम पुन्हा लावा. टेबलफॅन लावून मदत करायची नाही.

झाकण काढल्यावर तापमान सात-आठ अंशांनी किंवा त्याहून जास्त उतरलं, तर कॅबिनेटचा श्वास कोंडतोय. फॅन घ्या, उपयोग होईल. एक-दोन अंशांनीच उतरलं, तर कॅबिनेटमधली हवा ठीक आहे आणि दुखणं तिसऱ्या तुकड्यात आहे: हीटसिंकच्या पात्यांमध्ये धूळ अडकली असेल, थर्मल पेस्ट सुकली असेल, नाहीतर प्रोसेसरसोबत आलेला छोटा कूलरच त्या कामाला पुरत नसेल. तिथे कॅबिनेटला फॅन लावणं म्हणजे दुखतंय गुडघ्याला आणि मलम कोपराला.

यावर काही जण म्हणतात, मग झाकण कायमचंच काढून ठेवू, पैसे वाचले. मुंबईच्या घरात असं करू नये. धुळीचा मुद्दा आहेच, पण उबदार कोपरा शोधत फिरणाऱ्या पाली आणि झुरळंही आहेत, आणि मदरबोर्डवर शॉर्ट झालेलं झुरळ काढण्याचं काम कुणालाच आवडत नाही. शिवाय झाकण नसलं की समोरच्या फॅनची हवा हार्ड डिस्कवरून, कार्डावरून जाण्याऐवजी बाजूलाच पसरते.

झाकणाच्याही आधी करायची एक तपासणी आहे आणि ती पूर्ण फुकट आहे. आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलांना खाली कॅबिनेटसाठी एक कप्पा असतो, तीन बाजूंनी प्लायवूडने बंद, आणि टेबल भिंतीला चिकटवलेलं. लहान फ्लॅटमध्ये दुसरं करणार काय? कॅबिनेटच्या मागून निघालेली गरम हवा त्या कप्प्यातच घुटमळते आणि पुढून पुन्हा आत ओढली जाते. म्हणजे खोलीत ३३ अंश असले तरी कॅबिनेटपुरती खोली ३८ किंवा ४० अंशांची झालेली असते. कॅबिनेट कप्प्याबाहेर काढून भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवा आणि आकडा पुन्हा बघा. बऱ्याच घरांत विषय इथेच संपतो.

एक फॅन, दोन फॅन, सहा फॅन

कॉम्प्युटर जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी अखेर उष्णता होऊन हवेत जाते. त्यामुळे हवा किती तापेल याचा एक साधा हिशेब मांडता येतो. फॅनच्या खोक्यावर सीएफएम लिहिलेलं असतं, म्हणजे एका मिनिटात किती घनफूट हवा सरकते. वॅटला सीएफएमने भागा आणि पावणेदोनने गुणा; जे येईल तेवढे अंश आतली हवा सरासरीने तापते.

साधारण बऱ्या ग्राफिक्स कार्डाचा कॉम्प्युटर गेम चालू असताना ३०० वॅट घेतो असं धरू. कॅबिनेटमधून प्रत्यक्षात २५ सीएफएम हवा वाहत असेल तर ३०० भागिले २५ म्हणजे १२, गुणिले पावणेदोन, म्हणजे २१ अंश. हवा दुप्पट केली, ५० सीएफएम, की साडेदहा अंश. पुन्हा दुप्पट, १०० सीएफएम, की सव्वापाच. १५० केली तर साडेतीन.

या आकड्यांकडे जरा थांबून बघावं. २५ वरून ५० वर गेल्यावर साडेदहा अंश वाचले. १०० वरून १५० वर जाताना तेवढीच नाही तर दुप्पट जादा हवा आली, पण पावणेदोन अंशच वाचले. पहिला जादा फॅन मोठं काम करतो, दुसरा बरं करतो, आणि त्यापुढचे बहुतेक दिव्यांच्या रोषणाईसाठी असतात. ऑफिसचं काम करणारा कॉम्प्युटर, ज्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, तो ७०-८० वॅटच्या आसपास असेल तर २५ सीएफएमलाही आतली हवा पाच-साडेपाच अंशांनीच तापते. अशा मशीनला मागचा एक फॅन पुरतो. टॅली, एक्सेल आणि यूट्यूब चालवणाऱ्या कॉम्प्युटरला सहा फॅन लावून देणारा दुकानदार तुमची नाही, स्वतःची काळजी घेतोय.

मात्र खोक्यावरचा सीएफएमचा आकडा हा फॅन मोकळ्या हवेत, समोर काहीच अडथळा नसताना मोजलेला असतो. जाळी, धुळीचा फिल्टर, केबलींचा गुंता आणि काचेचा बंद पुढचा भाग यांतून जाताना तो सहज निम्म्यावर येऊ शकतो. म्हणून सीएफएमसोबत आणखी एक आकडा बघायचा: स्टॅटिक प्रेशर. अडथळ्यातून हवा ढकलण्याची ताकद त्यावरून कळते, आणि ती पाण्याच्या मिलिमीटरमध्ये लिहितात. फिल्टरच्या मागे किंवा दाट जाळीला लावायचा फॅन असेल तर हा आकडा जास्त असलेला घ्यावा. मागच्या उघड्या जाळीला लावायचा असेल तर एवढा विचार नको.

हवेला वाट हवी

स्वयंपाकघराची सगळी दारं-खिडक्या बंद करून एक्झॉस्ट फॅन लावला तर तो गरगर फिरतो, आवाज करतो, आणि फोडणीचा धूर घरातच राहतो. हवा बाहेर जायची तर तेवढीच हवा दुसरीकडून आत यावी लागते. कॅबिनेटचंही तसंच आहे. म्हणून फॅन कुठे लावायचा याचं उत्तर ‘जिथे भोकं दिसतील तिथे’ असं नसतं.

सर्वसाधारण कॅबिनेटमध्ये रिवाज असा: समोरून आणि खालून हवा आत, मागून आणि वरून बाहेर. कंपनीकडून बहुधा मागे एक फॅन बसवून येतो, हवा बाहेर टाकणारा. अशा कॅबिनेटला जर एकच फॅन घ्यायचा असेल, तर तो समोर लावा, हवा आत घेणारा. समोरच्या जागेत वर-खाली दोन-तीन फॅनची सोय असते. ग्राफिक्स कार्ड तापतंय तर ते ज्या उंचीवर आहे त्याच्या समोर किंवा किंचित खाली फॅन लावा; हार्ड डिस्क तापत असेल तर तिच्या पिंजऱ्यासमोर. बहुतेक हार्ड डिस्कची मर्यादा ६० अंश असते, आणि प्रोसेसरसारखं स्वतःचा वेग कमी करून निभावून नेणं त्यांना जमत नाही. मे महिन्यात बंद कप्प्यातल्या जुन्या डिस्ककडे म्हणूनच आधी बघावं.

वरच्या जागेबद्दल एक सावधगिरी. वर, मागच्या बाजूला हवा बाहेर टाकणारा फॅन चालतो. पण वरच पुढच्या बाजूला असा फॅन लावला, तर समोरून नुकतीच आत आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोचण्याआधीच तो बाहेर खेचून घेतो. आणि गरम हवा आपोआप वर जाते म्हणून वरच लावू, हा युक्तिवाद ऐकायला बरोबर वाटला तरी फॅन चालू असलेल्या कॅबिनेटमध्ये हवेचं ते नैसर्गिक वर जाणं फॅनच्या जोरापुढे नगण्य असतं.

एसएमपीएसचा, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, फॅन हिशेबात धरायचा का, हे कॅबिनेट किती जुनं आहे त्यावर. जुन्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस वर असायचा आणि आतलीच गरम हवा ओढून मागे टाकायचा. हल्ली तो खाली असतो, खालच्या जाळीतून स्वतःपुरती हवा घेतो आणि मागून सोडतो. कॅबिनेटला त्याचा फायदा नाही, तोटाही नाही. फक्त तो कॅबिनेटच्या बुडाशी असल्यामुळे गालिच्यावर किंवा चादरीवर कॅबिनेट ठेवू नका.

आत जास्त की बाहेर जास्त

आत हवा घेणारे फॅन जोरात आणि बाहेर टाकणारे हळू असतील, तर कॅबिनेटमध्ये हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहतो आणि फटीफटींतून हवा बाहेर येत राहते. उलट केलं तर प्रत्येक फटीतून, यूएसबीच्या भोकातून, मागच्या रिकाम्या स्लॉटमधून हवा आत शिरते, आणि तिथे फिल्टर नसतो. तापमानात या दोन पद्धतींमध्ये फार फरक पडत नाही. धुळीत पडतो.

आणि मुंबईत धूळ हा तापमानाइतकाच मोठा विषय आहे. दर दुसऱ्या गल्लीत रीडेव्हलपमेंटचं नाहीतर मेट्रोचं काम चालू असतं. रस्त्यालगतच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर सकाळी पुसलेलं टेबल संध्याकाळी राखाडी होतं. वन रूम किचनमध्ये त्यात फोडणीचा तेलकट धूर मिसळतो, पावसाळ्यातली दमट हवा मिसळते, आणि फॅनच्या पात्यांवर जी पुटं चढतात ती ब्लोअरने उडत नाहीत, ब्रशने खरवडावी लागतात. म्हणून इथे माझं मत ठाम आहे: आत घेणारे फॅन बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा थोडे वरचढ ठेवा, आणि आत घेणाऱ्या प्रत्येक फॅनपुढे काढून धुता येईल असा फिल्टर असू द्या. फिल्टरमुळे हवा थोडी कमी होते. होऊ दे.

पावसाळ्यात दमट हवा आत ओढल्याने कॉम्प्युटर बिघडेल का, ही शंका बऱ्याच जणांना असते. चालू कॉम्प्युटर खोलीपेक्षा गरम असतो, त्यामुळे आत पाणी साचत नाही. काळजी महिनोन्‌महिने बंद पडून राहिलेल्या मशीनची करावी, आणि समुद्रासमोरच्या घरांत खाऱ्या हवेने गंजणाऱ्या स्क्रूंची नि कनेक्टरची.

दुकानात काय मागायचं

दुकानदार पहिल्यांदा विचारतो, “साइज?” आणि लगेच दुसरं, “लाइटवाला की साधा?”

साइज सगळ्यात जास्त चालते ती १२० मिलिमीटर, त्याखालोखाल १४०. जुन्या किंवा छोट्या कॅबिनेटमध्ये ८० आणि ९२ही सापडतात. पट्टी घेऊन मोजताना गफलत अशी होते, की लोक स्क्रूच्या भोकांमधलं अंतर मोजतात आणि तेच सांगतात. १२० च्या फॅनला भोकांमधलं अंतर १०५ मिलिमीटर असतं, १४० च्या फॅनला साडेएकशेचोवीस. म्हणजे कॅबिनेटवर १०५ मोजलंत तर मागायचा १२० चा. फॅनची जाडी साधारण २५ मिलिमीटर असते. आत तेवढी जागा आहे, लांब ग्राफिक्स कार्डाला किंवा रॅमला तो अडत नाही, हेही बघून घ्या. शक्य असेल तर मोठाच घ्यावा. तेवढीच हवा मोठा फॅन कमी वेगात, म्हणून कमी आवाजात सरकवतो.

मग वायरीचा प्रश्न. फॅनच्या टोकाला तीन पिनांचा कनेक्टर असेल तर एक पिन अर्थची, एक १२ व्होल्टची आणि एक वेग कळवणारी. चार पिनांचा असेल तर चौथी पिन वेग ठरवणारी. तिला पीडब्ल्यूएम म्हणतात. चार पिनांचा घ्या, भावात फारसा फरक नसतो. तीन पिनांचा फॅन चार पिनांच्या जागी व्यवस्थित बसतो आणि चालतोही, फक्त बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, त्या जागेचा मोड पीडब्ल्यूएमवरून डीसीवर न्यावा लागतो, नाहीतर तो सतत पूर्ण वेगाने पळतो. तिसरा प्रकार म्हणजे एसएमपीएसच्या जुन्या मोठ्या चार पिनांच्या मोलेक्स कनेक्टरला थेट लागणारा फॅन. स्वस्त असतो, पण कायम पूर्ण वेगाने चालतो आणि त्याचा वेगही कुठे दिसत नाही. मदरबोर्डवर जागाच नसेल तरच तो घ्यावा.

मदरबोर्डवर जागा आहे की नाही, हे घरून निघण्याआधी झाकण उघडून बघा. सिस फॅन किंवा चेसिस फॅन असं लिहिलेल्या छोट्या पिना असतात. सीपीयू फॅन लिहिलेली जागा प्रोसेसरच्या कूलरचीच राहू द्या. ती रिकामी दिसली तर बरेच मदरबोर्ड सुरू होतानाच तक्रार करतात. अशी एक जागा साधारण एक अँपिअरपर्यंत भार घेते. फॅन ०.१ ते ०.३ अँपिअरचा असतो, तेव्हा स्प्लिटर वापरून एका जागेवर दोन-तीन फॅन लावायला हरकत नाही, पण आधी फॅनच्या स्टिकरवरचे आकडे बेरीज करून बघा. त्याहून जास्त लावायचे तर एसएमपीएसमधून निघणाऱ्या साटाच्या (हार्ड डिस्कला लागते त्या) केबलवर वीज घेणारा हब मिळतो. एक सूचना ब्रँडेड डेस्कटॉपवाल्यांसाठी: काही मोठ्या कंपन्यांच्या मशीनमध्ये फॅनचा कनेक्टर किंवा पिनांचा क्रम वेगळाच असतो, त्यामुळे बाजारातला फॅन घेण्याआधी फोटो काढून न्या.

लाइटवाला घेणारच असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवाच. एआरजीबीचे, म्हणजे प्रत्येकाचा रंग वेगळा बदलता येणारे, दिवे ५ व्होल्टचे आणि तीन पिनांचे असतात, साध्या आरजीबीचे, म्हणजे सगळे एकाच रंगात चालणारे, १२ व्होल्टचे आणि चार पिनांचे. ५ व्होल्टच्या दिव्यांना १२ व्होल्टवर जोडलं की ते जळतात. जबरदस्ती केली तर कनेक्टर बसूही शकतो, तिथेच घात होतो. दिव्यांनी तापमान मात्र कमी होत नाही.

फॅनचा दांडा ज्यात फिरतो त्या बेअरिंगबद्दल थोडक्यात: स्लीव्ह बेअरिंग स्वस्त, आणि आडवा, म्हणजे कॅबिनेटच्या छताला लावला तर लवकर घरघरतो. फ्लुइड डायनॅमिक किंवा बॉल बेअरिंगचा जास्त टिकतो.

बसवताना

कॉम्प्युटर बंद करून भिंतीवरचं बटण बंद करा, प्लग काढा, आणि मग पॉवरचं बटण एकदा दाबून आतली उरलीसुरली वीज जाऊ द्या. हाताने कॅबिनेटचा उघडा पत्रा स्पर्शून घ्या, म्हणजे अंगावरची स्थिर वीज तिथे उतरते. मुंबईच्या दमट हवेत ती कमीच साठते, पण एसी खोलीत साठू शकते. एसएमपीएस मात्र कधीही उघडायचा नाही.

फॅनची दिशा ओळखायला सोपं. एका बाजूने पाती मोकळी दिसतात, दुसऱ्या बाजूने मोटर धरून ठेवणारे तीन-चार दांडे आडवे येतात. हवा मोकळ्या बाजूने आत जाते आणि दांड्यांच्या बाजूने बाहेर पडते. काही फॅनच्या चौकटीवर बाणही कोरलेले असतात. समोर लावताना दांडे कॅबिनेटच्या आत; मागे लावताना दांडे बाहेरच्या जाळीकडे. काचेतून दांडे दिसू नयेत म्हणून हल्ली उलट्या पात्यांचे फॅनही मिळतात, त्यांना हा नियम उलटा लागू होतो, म्हणून खोका वाचा.

फॅनसोबत येणारे जाड स्क्रू प्लॅस्टिकमध्ये स्वतःच आटे पाडत जातात, त्यामुळे पहिल्यांदा जोर लागतो. चारही स्क्रू आधी अर्धे बसवा आणि मग समोरासमोरचे आवळत जा. फार आवळल्यास चौकट वाकते आणि फॅन गुणगुणायला लागतो. वायर पात्यांपासून लांब, मदरबोर्डच्या ट्रेमागून फिरवा आणि टायने बांधा.

झाकण लावण्याआधी एकदा चालू करून बघा, आणि मग अगरबत्तीची परीक्षा घ्या. पेटलेली अगरबत्ती कॅबिनेटच्या समोरच्या जाळीपासून चार बोटांवर धरली की धूर आत ओढला जायला हवा; मागच्या जाळीपाशी धरली की बाहेर फेकला जायला हवा. राख आत पडू देऊ नका. कुठला फॅन उलटा लागलाय हे यात लगेच कळतं, आणि देवघरातली अगरबत्ती हाताशी असतेच.

आवाज आणि बायोस

नवा फॅन घेण्याचं सर्वांत चांगलं कारण बहुतेक जण विचारातच घेत नाहीत: आवाज. फॅनचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज जवळपास १५ डेसिबलने उतरतो. सारख्या आवाजाचे दोन फॅन एकत्र केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने चढतो. म्हणजे एक फॅन पूर्ण वेगाने पळवण्याऐवजी दोन फॅन निम्म्या वेगाने चालवले, तर तेवढीच हवा साधारण १२ डेसिबल कमी आवाजात मिळते. रात्री त्याच खोलीत कुणी झोपत असेल तर हा फरक तापमानापेक्षा जास्त मोलाचा आहे.

हा फायदा आपोआप मिळत नाही, बायोसमध्ये जाऊन वेग बांधून द्यावा लागतो. असूसच्या बोर्डांवर क्यू-फॅन, गिगाबाइटच्या बोर्डांवर स्मार्ट फॅन अशा नावांनी ती सोय असते. कॅबिनेटच्या फॅनना प्रोसेसरच्या तापमानाला बांधू नका. प्रोसेसर एखादं पान उघडलं तरी सेकंदात वीस अंश उडी मारतो आणि फॅन उगीच वर-खाली ओरडत राहतात. त्यांना मदरबोर्डच्या तापमानाशी जोडा, ते सावकाश बदलतं. साधं काम चालू असताना ४० टक्के, मदरबोर्ड पन्नासच्या पुढे गेला की ७०-८० टक्के, अशी सुरुवात करा आणि आपल्या कानाला पटेल तसं खाली आणत जा.

शेवटी देखभाल. फिल्टर महिन्यातून एकदा नळाखाली धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. पावसाळ्यात वाळायला दिवस लागतो, तेवढा वेळ धरून चाला. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा. नाहीतर ती ठरलेल्या वेगापेक्षा कितीतरी जोरात फिरतात, बेअरिंग खराब होतं, आणि फिरणारी मोटर उलटी वीज तयार करून मदरबोर्डकडे पाठवू शकते. थंड मशीन सुरू करताना फॅन घरघरला आणि पाच मिनिटांत गप्प झाला, तर बेअरिंगमधलं तेल आटत आलंय असं समजा. त्यात शिवणयंत्राचं तेल घालून काही आठवडे ढकलता येतात, पण तोवर त्याच मापाचा दुसरा आणून ठेवा.